डाव आधी स्वतः तपासा, इंजिन नंतर

सोलापुरात रविवारची बुद्धिबळ स्पर्धा आटोपून एसटीने पंढरपूर-बार्शीकडे निघण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यासोबत दहा मिनिटं बसा. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आणि प्रत्येक चालीमागे 30 सेकंद जादा मिळत नसतील, तर चाली लिहिणं बंधनकारक नसतं. त्यामुळे शेवटच्या खेळ्या कागदावर नसतातच. त्या दोघांनी मिळून तेव्हाच भरून काढा, रात्री आठवत नाहीत.

घरी लाइचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर डाव भरताना मध्येच चाल 'बसत नाही', तर मागे जाऊन घोडा-हत्तीच्या चाली बघा. बी1 आणि एफ3 या घरांवरचे दोन्ही घोडे डी2 वर जाऊ शकतात. नुसतं 'एनडी2' (एन म्हणजे घोडा) लिहिलं असेल, तर चुकीचा घोडा हललेला असू शकतो.

इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लगेच सुरू करू नका. आधी तीन-चार जागा निवडा: जिथे जास्त वेळ गेला, जिथे प्रतिस्पर्ध्याची चाल अनपेक्षित आली. तिथे काय विचार केला होता ते लिहा. मग स्टॉकफिश हे इंजिन लावा. ते दाखवतं त्या आकड्यात प्लस म्हणजे पांढरा वरचढ, मायनस म्हणजे काळा. तुम्ही पांढऱ्याकडून खेळला असाल, तर +3 चं +2 झालं तर सोडून द्या, +0.3 वरून थेट -2 झालं असेल तिथे थांबा, आणि इंजिनची चाल का चांगली हे पटावर सोंगट्या हलवून शोधा. जिंकलेले डावही तपासा, त्यात चुका लपून राहतात.