सीफर्ड ते ईस्टबर्न चालत: नदी पुलावरूनच ओलांडा

सेव्हन सिस्टर्स, म्हणजे 'सात बहिणी', ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची खडूच्या टेकड्यांची रांग. ती बघायला आलेले बहुतेक जण तिच्या पूर्व टोकाशी, बर्लिंग गॅपला, मोटार लावतात, फोटो काढतात आणि परततात. हे पांढरे कडे खरे कळायचे असतील तर सीफर्डहून ईस्टबर्नला पायी जा. अंतर सुमारे 22 किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवस. उलट दिशेने निघू नका. इथला वारा बहुधा नैर्ऋत्येचा, तो पाठीवर घ्यावा, तोंडावर नाही. शिवाय थकून पोचल्यावर ईस्टबर्नहून लंडनला थेट रेल्वे मिळते.

एप्रिलचा शेवट किंवा मे उत्तम. दिवस मोठा, गवतात काउस्लिपची पिवळी फुलं, डोक्यावर चंडोल. कुरणांत कोकरं असतात, कुत्रा असेल तर बांधूनच न्या.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून सीफर्डसाठी रेल्वे घ्या, लुईसला बदला. रविवारी रुळांची कामं निघतात, आदल्या रात्री बघून ठेवा. सीफर्डला समुद्र गाठून डावीकडे वळलं की सीफर्ड हेडचा चढ. कोस्टगार्डची जुनी घरं आणि मागे कड्यांची रांग, हा कॅलेंडरवरचा फोटो याच बाजूने मिळतो.

इथून खाली उतरलात की कुकमिअर हेवन, आणि दिवस बिघडतो तो इथेच. समोर कुकमिअर नदीचं मुख, पलीकडे हाकेच्या अंतरावर सातांतली पहिली टेकडी, आणि पूल कुठेच नाही. पूल आहे तो आत, एक्सीटला. तिथे जाऊन पलीकडच्या काठाने परत समुद्राशी यायचं म्हणजे तीन-चार किलोमीटरचा फेरा. तो वाचवण्यासाठी लोक काय वाटेल ते सांगतात.

"ओहोटीला बूट हातात घेऊन पार होता येतं." कधी कधी होता येतं, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. पण या नदीत भरतीचं पाणी आत शिरतं आणि ओहोटीला ओढीने बाहेर पडतं. तळाशी सरकणारे गोटे, कडेला चिखल. काठावरून घोटाभर दिसणारं पाणी मधोमध किती असेल, हे काठावरून कळत नाही. वसंतात ते गारठलेलंही असतं, कारण समुद्र तापायला उन्हाळा संपत येतो.

दुसरा सल्ला त्याहून वाईट: "पलीकडे गेल्यावर कड्यांच्या खालून, किनाऱ्यानेच बर्लिंग गॅप गाठा." मध्ये वर चढायला एकही वाट नाही. भरतीचं पाणी कड्याच्या पायथ्याला लागतं आणि वरून दगड सुटतात. हे करू नका. पुलावरून आणि मग वरून जाणाऱ्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही, हा केवढा आराम!

तेव्हा नदी उजव्या हाताला ठेवून बांधावरून सरळ आत चला. या नदीच्या फोटोंत दिसणारी ती नागमोडी वळणं शोधत बसू नका. 1840च्या दशकात सरळ पाट खोदल्यापासून मुख्य प्रवाह त्या वळणांतून जात नाही. पुलाशी पब आहे, पुढे सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्कचं माहिती केंद्र, स्वच्छतागृह आणि 12 नंबरच्या बसचा थांबा. दुपारचे दोन वाजून गेले असतील तर सरळ बस पकडा. त्यात कमीपणा काही नाही.

पूल ओलांडून पलीकडच्या सपाट वाटेने पुन्हा समुद्राकडे या आणि हेवन ब्राऊ ही पहिली टेकडी चढा. सातांत सर्वांत उंच, तरी 77 मीटरच. राजगड-तोरणा केलेले इथे हसतात. चौथ्या उतारानंतर गुडघे बोलायला लागले की हसू मावळतं. (बहिणी म्हणायला सात, चढ मोजलेत तर आठ भरतील.) पाऊस पडून गेला असेल तर उघडा पडलेला खडूचा दगड साबणासारखा निसरडा होतो, गवतावरूनच उतरा.

कड्याची धार बघायला जाऊ नका. खडू खालून पोखरला जातो, वरचं गवत अधांतरी राहतं आणि उभ्या माणसाला ते दिसत नाही. हिवाळ्याच्या पावसाने भिजलेला कडा वसंतातही ढासळतो. मी दहा-पंधरा पावलं आतूनच चालतो. इतरांनी धारेशी पाडलेली पायवाट हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. पुढचं बेल टाऊट दीपगृह याच झिजेमुळे 1999 साली अख्खं उचलून 17 मीटर मागे सरकवावं लागलं.

बर्लिंग गॅपला चहा घ्या. मग बेल टाऊट आणि 162 मीटर उंचीचा बीची हेडचा कडा. तिथून ईस्टबर्नपर्यंत उतार. शेवटचा तुकडा चांगलाच उभा आहे, तो काठ्या वापरून सावकाश उतरा. स्टेशन तिथून अजून तीनेक किलोमीटर आहे, तेव्हा परतीची गाडी अगदी हिशोबाने ठरवू नका.