फोडू नका, पाडा

कित्येक वर्षं माझा धाकटा भाऊ मला ‘पझल बॉबल’मध्ये हरवत होता आणि मी दर वेळी खापर कंट्रोलरच्या ढिल्या बटणावर फोडत होते. मग एकदा त्यानेच कंट्रोलर बदलून घेतला. ढिलं बटण त्याच्याकडे, धडधाकट माझ्याकडे. तरी हरले. वर म्हणाला, “ताई, तू नुसती फोडत बसतेस. पाड की!”

सगळा खेळ या एका वाक्यात आहे. पण मला ते कळायला आणखी दोन महिने लागले, म्हणून जरा फोड करून सांगते.

खेळ ‘तायतो’ या जपानी कंपनीचा, १९९४ सालचा, मुळात आर्केडच्या मशीनवरचा. जपानबाहेर तो ‘बस्ट-अ-मूव्ह’ या नावानेही ओळखला जातो. वर छताला रंगीत बुडबुडे चिकटलेले, खाली तुमचा बाण. बाण फिरवून नेम धरायचा आणि हातातला बुडबुडा वर सोडायचा. एका रंगाचे तीन किंवा जास्त बुडबुडे एकमेकांना टेकले की फुटतात. तळाजवळच्या रेषेखाली बुडबुडा उतरला की खेळ खलास. नियम एवढेच.

आता भाऊ काय म्हणत होता ते. समजा, लाल बुडबुड्यांच्या आधाराने खाली निळे, पिवळे, हिरवे असे दहा लोंबतायत. मी एकेक रंग जुळवून खालून वर फोडत जायचे. तो थेट लालवर नेम धरायचा. लाल फुटले, आधार गेला, खालचे दहाच्या दहा धपकन खाली. गुण बघा. फोडलेल्या बुडबुड्याला १० गुण. पाडलेल्यांचा हिशेब वेगळाच: एक पाडला तर २०, दोन ४०, तीन ८०, असं दर बुडबुड्याला दुप्पट. दहा पाडले तर १०,२४०. सतरा पाडले तर १३,१०,७२०, आणि तिथे मर्यादा येते. माझे कष्टाचे तीस-तीस गुण किती केविलवाणे होते ते यावरून समजा.

म्हणून नवी पातळी सुरू झाली की आधी खाली बघू नका, वर बघा. कोण कोणाला धरून लोंबकळतंय? तो देठ शोधा. देठाचा रंग हातात नसेल तर हातातला नको असलेला बुडबुडा कडेला कुठेतरी लावून ठेवा, पण देठाच्या वाटेत नको. मी नेमकी तिथेच अडगळ साठवायचे. हातातला आणि पुढचा बुडबुडा यांची अदलाबदल मूळ खेळात करता येत नाही. पण पुढचा कोणता ते दिसतं, तेव्हा नेहमी दोन नेमांचा विचार एकदम करायचा. हा कुठे लावला म्हणजे पुढचा कामी येईल?

एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. पडद्यावर जे रंग शिल्लक असतात तेच हातात येतात. म्हणजे एखाद्या रंगाचे तीन-चारच उरले असतील तर ते आधी संपवा. तो रंग यायचाच बंद होतो आणि हवा तो मिळायची शक्यता वाढते. रंग एकूण आठ आहेत. मला नारिंगी आणि लाल घाईत सारखेच दिसतात. तुमचंही तसं होत असेल तर रंगाऐवजी आतलं भूत बघा. प्रत्येक बुडबुड्यात एक छोटा राक्षस कोंडलेला आहे, आणि प्रत्येक रंगाचा राक्षस वेगळा.

भिंतीचा टप्पा घेणं हे खरं कसब. बुडबुडा भिंतीला ज्या तिरकसपणे आपटतो त्याच तिरकसपणे परततो. युक्ती अशी: भिंत म्हणजे आरसा समजा, आपलं लक्ष्य पलीकडे तेवढ्याच अंतरावर उभं आहे असं धरा आणि त्या प्रतिबिंबावर नेम लावा. पण आरसा भिंतीवर नाही, अर्धा बुडबुडा अलीकडे आहे, कारण आपटते ती बुडबुड्याची कड, मध्य नव्हे. हा अर्धा बुडबुडा विसरल्यामुळे माझे नेम हमखास एक घर चुकायचे. ओळींत आठ आणि सात अशी आलटून पालटून घरं असतात, त्यामुळे बुडबुडा दोन बुडबुड्यांच्या खाचेत जाऊन बसतो. थोडा डावीकडून टेकला तर डावी खाच, उजवीकडून तर उजवी.

घाई करू नका, पण रेंगाळूही नका. फार वेळ लावलात तर बुडबुडा आपोआप सुटतो, आणि तो कुठे जातो ते विचारू नका. ठरावीक नेमांनंतर छतही खाली सरकतं. त्याआधी सगळे बुडबुडे थरथरतात. थरथर दिसली की गुणांची हाव सोडून जे फुटेल ते फोडायचं. पातळी पाच सेकंदांत संपवली तर ५०,००० गुण जास्तीचे. मला ते दोनदाच जमलं, दोन्ही वेळा चुकून.

आता पात्रांकडे. मूळ खेळात हिरवा बब आणि निळा बॉब हे दोन छोटे ड्रॅगन आहेत, १९८६च्या ‘बबल बॉबल’मधून आलेले. एकटे खेळत असाल तर एक जण बुडबुडा पुरवतो, दुसरा बाण वळवणारं चाक फिरवतो. दोघे खेळत असाल तर पहिल्याला बब, दुसऱ्याला बॉब. दोघांच्या ताकदीत काडीचा फरक नाही. तरी मी “मला हिरवाच हवा” म्हणून भांडले आहे.

पुढच्या भागांत मात्र पात्र निवडणं ही खरी निवड होते. तिसऱ्या भागात ‘ड्रंक’ नावाचा टोपडं घातलेला बुटका आहे, तायतोच्याच दुसऱ्या खेळातला सॉनिक ब्लास्ट मॅनही आहे. चौथ्या भागात प्रत्येक पात्राची हल्ल्याची मांडणी वेगळी. तुम्ही पाडलेले बुडबुडे समोरच्याकडे जातात, ते कोणत्या रंगांच्या क्रमाने जातात हे पात्रावर ठरतं. ज्याच्या मांडणीत एकच रंग शेजारी-शेजारी येतो तो हल्ला समोरच्याला चटकन फोडता येतो. रंग विस्कटलेले असले की निस्तरताना त्याच्या नाकी नऊ येतात. तेव्हा चेहरा बघून निवडू नका. आधी दोन डाव नुसते बघा, कोण काय पाठवतंय ते. आणि समोरच्याची मांडणी पाठ झाली की त्याचा हल्लाच आपल्या उपयोगाला येतो, कारण काय येणार ते आधीच ठाऊक असतं.

चौथ्याच भागात कप्पीही आली. दोन टोकांना बुडबुड्यांचे घोस, एक हलका केला की दुसरा खाली येतो. दोन्हीकडे थोडं-थोडं फोडत राहायचं.

२०२३च्या ‘पझल बॉबल एव्हरीबबल’मध्ये बब आणि बॉबबरोबर पेब आणि पॅबही आहेत, चौघांना मिळून खेळता येतं. तिथे आमचं एकच सूत्र आहे: कोणता देठ कोण तोडणार ते मोठ्याने बोलायचं. नाहीतर मी लाल जमवत असते आणि भाऊ त्याच जागी हसत-हसत निळा आणून चिकटवतो.