गावरान ज्वारी परवडत नाही? आधी या चुका तपासा

‘गावरान वाण परवडत नाही’ म्हणणारे बहुतेक जण अडत्याची हिशेबाची पट्टी हातात धरून बोलतात. पहिली चूक तिथंच. पट्टीवर फक्त दाण्याचं वजन येतं. मालदांडी वाणाचा कडबा तिच्यात कुठं असतो? चाराटंचाईच्या साली तोच हात देतो. गूळभेंडी, कुचकुची ज्वारी तर क्विंटलवर तोलायचीच नसते, तिचा पैसा हुरड्यात. विकत न घ्यावं लागलेलं बियाणंही जमेला धरा.

सगळं रान एकाच वाणाला देऊ नका, मग तो गावरान का असेना. हलक्या रानात ओल लवकर तुटते, तिथं लवकर येणारा वाण हवा. भारी काळ्या रानात उशिराचा चालतो.

खरा घोटाळा बी धरताना होतो. खळ्यावर टपोरी कणसं वेचली की झालं, असं वाटतं. पण खळ्यावर कणीस दिसतं, ताट म्हणजे अख्खं धाट दिसत नाही. ते खडखड्या रोगानं लोळलं होतं की शेवटच्या ओलीवरही तगून होतं, हे उभ्या पिकातच कळतं. काढणीआधी रानात फिरा, निरोगी ताटांना सुतळी बांधा. पाच-दहा नव्हे, शंभरेक, आणि रानाच्या सगळ्या अंगांनी. मूठभर ताटांचंच बी दरसाल धरलं तर वाणातलं वैविध्य आटत जातं. मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतूनच निवडली गेली. सगळी ताटं सारखीच असती, तर निवडायचं काय?

कणसं भेसळ दिसू लागली? ज्वारीत थोडं परपरागीभवन होतंच. शेजारी दुसरा वाण असेल तर कडेच्या ओळींचं बी धरू नका. संकरिताचं बी तर ठेवूच नका, पुढच्या पिढीत पीक एकसारखं येत नाही. उगवणीची शंका असल्यास पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजा.

‘घरचं बी विकणं गुन्हा आहे’ हाही गैरसमजच. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार ते साठवता, वाटता, विकताही येतं. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय ते पिशवीवर छापता येत नाही, आणि पोती सरसकट अडतीवर ओतली तर त्या नावाचा भाव कोण देणार?