मुलाच्या एडीएचडीच्या गोळीचे साइड इफेक्ट कसे सांभाळायचे: आधी घड्याळ बघा

गोळी द्यावी की नाही हा वाद इथे नाही घालायचा मला. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा याचं, निदान झालंय, डॉक्टरांनी त्यासाठी मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिलंय, गोळी सुरू झालीय, आणि आता पोरगा डबा जसाच्या तसा परत आणतो, संध्याकाळी फटकन चिडतो, रात्री अकरा वाजले तरी टक्क जागा, अशा आपल्या खानदेशातल्या घरांसाठी हे लिहितेय. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय आणि अजूनही थोडंफार चालूच आहे. सल्ले तर इतके मिळतात ना, गोळी अर्धी करून बघ, शनिवार-रविवार देऊच नको, ब्राह्मी चालू कर, साखर बंद कर, आणि हे सगळं सांगणाऱ्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही की त्रास नेमका किती वाजता होतो. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे, कारण या औषधाचे बहुतेक त्रास घड्याळाला बांधलेले असतात.

१. वही

एक साधी दोनशे पानी वही घ्या. गोळी किती वाजता दिली, काय खाल्लं, चिडचिड किंवा डोकेदुखी किती वाजता झाली, झोपला किती वाजता, एवढंच. दोन आठवडे लिहा. मोबाइलवर लिहाल तर डॉक्टरसमोर शोधत बसाल.

२. सकाळ

नाश्ता आधी, गोळी नंतर. गोळीचा असर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि एकदा भूक मेली की मग तुम्ही ताट घेऊन मागे फिरा, काही उपयोग नाही. म्हणून दिवसातलं सगळ्यात भक्कम खाणं सकाळीच: तूप लावलेली दशमी, दोन अंडी, नाहीतर रात्रीची बट्टी कुस्करून तूप-गूळ. दुधात बिस्किट म्हणजे नाश्ता नव्हे. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल तर ती मोडायची नाही, कुटायची नाही, चावू द्यायची नाही, ती अख्खीच गिळायची असते, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. मुलाला गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, दुसरे पर्याय असतात. आणि सकाळची लांब चालणारी गोळी विसरलात, दुपार झाली, तर मग देऊच नका, त्या रात्रीची झोप जाईल. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी द्या, दोन एकदम नाही.

चहा बंद. आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही बशीत चहा ओतून देतात, पण या गोळीवर चहा म्हणजे छातीची धडधड आणि झोपेचं खोबरं.

३. दुपारचा डबा

सोडून द्या. खरंच. डबा परत आला म्हणून रागावू नका, दुपारी गोळीचा असर भर जोरात असतो आणि पोराला भूक लागलेली कळतच नाही. दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, चार घासात संपेल असं काहीतरी ठेवा, पाण्याची बाटली भरून द्या आणि विषय संपवा. जबरदस्तीने भरवलं की जेवणाशीच वैर धरतं पोरगं, ते वैर गोळी बदलली तरी राहतं.

४. असर उतरायची वेळ

आता खरी पायरी. बाकीचं सगळं एका बाजूला आणि हा तास-दीड तास एका बाजूला. मला सगळ्यात जास्त दमवलं ते यानेच, आणि मी ज्या-ज्या घरांशी बोलले तिथेही गोळी बंद पडली ती बहुतेक याच तासापायी.

होतं काय की साधी गोळी तीन ते पाच तास चालते, एसआर साधारण आठ तास, काही त्याहून लांब, बारा तासांपर्यंतच्या. ती उतरते तेव्हा काही वेळा पोरगं नुसतं पहिल्यासारखं होत नाही, थोडा वेळ पहिल्यापेक्षा जास्त चिडकं होतं. दिवसभर अडवलेलं पाणी हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर सुटतं तसं. रडणं, आरडाओरडा, बहिणीला ढकलणं, दप्तर फेकणं, कारण काहीही, पेन सापडत नाही एवढंसुद्धा पुरतं. डॉक्टर याला रिबाउंड म्हणतात. आणि नेमक्या त्याच वेळेला सकाळपासून पोटात काही नसतं, भूकही परत यायला लागलेली असते पण ती भूक आहे हे त्याला ओळखू येत नाही, त्याला फक्त सगळ्यांचा राग येतो.

आणि अशा वेळी आपण काय करतो? ट्यूशनला पाठवतो.

हिशोब करून बघा. अकरा ते पाचची शाळा, साडेआठला एसआर दिली, म्हणजे साडेचारच्या आसपास असर ओसरायला लागतो, शेवटच्या तासाला नाहीतर घरी येताना रिक्षात. पाचला घरी, कपडे बदल, साडेपाचला ट्यूशन, तिथून मॅडमचा फोन की आज याने मारामारी केली. मग घरी आल्यावर बाप ओरडणार, आजी म्हणणार गोळीनेच पोरगं बिघडलं. गोळीने नाही बिघडलं हो, गोळी उतरली आणि तुम्ही त्याला उपाशीपोटी वर्गात बसवलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की असर उतरायच्या तासात ट्यूशन नाही, गृहपाठ नाही, पाहुण्यांसमोर पाढे म्हणून दाखवणं नाही. ट्यूशन सात वाजता मिळत असेल तर सातला लावा, नसेल मिळत तर सोडा. चौथी-पाचवीच्या पोराचं ट्यूशन सुटल्याने काही बिघडत नाही, रोज संध्याकाळी मार खाल्ल्याने बिघडतं.

मग करायचं काय. दारात आल्या-आल्या, चपला काढायच्याही आत, हातात खायला द्या. "भूक लागली का" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येणार आणि ते खरंच वाटत असतं त्याला. न विचारता हातात द्यायचं. मी शिकरण करून ठेवते, केळीला आपल्याकडे तोटा नाही, साय घालून घट्ट, किंवा कळण्याच्या भाकरीवर लोणी, किंवा तीळ-शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. वेफर आणि कुरकुरे नको, त्याने पोट भरल्यासारखं होतं आणि रात्रीचं जेवण उडतं. खाताना बोलायचं नाही, शाळेत काय झालं, डबा का नाही खाल्ला, वही कुठंय, एकही प्रश्न नाही. वीस मिनिटं तुम्ही गप्प बसा, हे पोरापेक्षा मोठ्यांना जड जातं, पण बसा.

त्यानंतर अंग हलायला पाहिजे. सायकल, गल्लीतलं क्रिकेट, दोरीच्या उड्या, काहीही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पाच वाजताही बाहेर भट्टी असते तर तेव्हा आधी गार पाण्याने आंघोळ आणि ऊन उतरल्यावर बाहेर. मोबाइल देऊन शांत बसवायचा मोह होतो, मान्य आहे, पण मोबाइल काढून घेताना जे होतं ते रिबाउंडपेक्षा वाईट.

घरातल्या सगळ्यांना ही वेळ सांगून ठेवा, हे फार महत्त्वाचं. आमच्या आजींनी पहिल्या महिन्यातच ऐकवलं होतं, "पोऱ्या कितला वाळी गया व माय, बंद कर ते गोळ्या." म्हणजे पोरगं किती वाळलं, बंद कर त्या गोळ्या. त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांना मी वही दाखवली, की बघा, रडणं रोज पाच ते सहामध्येच आहे, सातला हाच पोरगा तुमच्याजवळ बसून गोष्ट ऐकतो. त्या दिवसापासून पाचचं शिकरण त्याच करतात. नवऱ्यालाही सांगा, ड्यूटीवरून येणारा माणूस नेमका त्याच तासात दारात येतो आणि त्याला वाटतं पोरगं दिवसभर असंच असतं.

अजून एक गोष्ट, आणि इथे चूक करू नका. चिडचिड कधी होते त्यावर तिचा अर्थ बदलतो. गोळी दिल्यानंतर तास-दोन तासांत पोरगं चिडकं, रडवेलं, किंवा अगदी गप्प, डोळ्यांत काही भाव नाही, हसणं बंद, असं झालं तर तो रिबाउंड नाही. डोस जास्त होतोय किंवा हे औषध त्याला मानवत नाहीये, लगेच डॉक्टरांना फोन. "शांत झाला ना, चांगलंय" म्हणून खूष होऊ नका, आपल्याला लक्ष देणारं पोर पाहिजे, विझलेलं नाही. संध्याकाळीच होत असेल तर असर उतरण्याचा त्रास. आणि दिवसभर, गोळी नसलेल्या दिवशीही होत असेल तर कारण वेगळं असू शकतं, शाळेत कोणी छळतंय का, भीती बसलीय का, तेही बघावं लागतं.

खाणं, खेळणं, शांतता एवढं करूनही रोज तासभर कल्लोळ होत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारत असेल, तर सहन करत बसू नका. डॉक्टरांकडे यावर उपाय असतात, गोळीची वेळ सरकवतात, लांब चालणारा प्रकार देतात, कधी दुपारी छोटा डोस जोडतात. पण ते त्यांनी करायचं. उरलेली अर्धी गोळी संध्याकाळी स्वतःच्या मनाने देणारी माणसं मला माहीत आहेत, पोरगं संध्याकाळी शांत आणि रात्री दोनपर्यंत जागं.

५. रात्रीचं जेवण आणि झोप

आठ-साडेआठला खरी भूक येते, तेव्हा भरपूर वाढा. रात्रीची खिचडी तर आपल्याकडे असतेच, वर तूप, सोबत दही, भाजलेले शेंगदाणे. झोपायच्या आधी परत दूध मागितलं तर द्या, "आत्ताच तर जेवला" म्हणू नका, दिवसभराची भरपाई हीच.

झोपेसाठी रोज एकच वेळ, तासभर आधी मोबाइल-टीव्ही बंद. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं असेल तर लवकर वर जा, दहा वाजेपर्यंत गल्लीच्या गप्पा चालल्या तर हे पोर त्यातच रमतं. झोप तासभरापेक्षा जास्त लांबत असेल तर वही दाखवा, गोळीची वेळ अलीकडे आणता येते. झोपेची कुठलीही गोळी, मेलाटोनिन धरून, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नको.

६. डोकं आणि पोट दुखणं

पहिल्या काही आठवड्यांत होतं, बहुतेकांचं कमी होतं. आधी पाणी आणि खाणं बघा. जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत गोळीवरचं पोरगं पाणी प्यायचंही विसरतं, तर बाटली हातात द्या. सर्दीचं औषध घेताना डॉक्टरला सांगा की ही गोळी चालू आहे, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी बीपी आणि धडधड वाढते. भूक वाढवायचं सिरप परस्पर नको.

डॉक्टरांनी ऍटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध दिलं असेल तर गणित वेगळं, ते जेवणासोबत द्या म्हणजे मळमळ कमी होते, आणि त्याचा फरक दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात, आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. क्लोनिडिन हे तिसरं औषध असेल तर एकदम कधीच तोडू नका, बीपी उसळतं.

७. मोजमाप

दहा वर्षांखालच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी. बीपी आणि नाडी दर सहा महिन्यांनी आणि डोस बदलला की प्रत्येक वेळी. वजनकाटा एकच ठेवा. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या काही मुलांची उंची एक-दोन सेंटीमीटरने कमी राहू शकते, म्हणून तर मोजायचं. वजन थांबलं तर सुट्ट्यांत गोळीला विश्रांती द्यायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, शेजारणीशी नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं, राहिलं असेल तर उद्याच सांगा.

८. यात थांबायचं नाही

छातीत दुखणं, खेळताना चक्कर येऊन पडणं, धाप लागणं, फिट येणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून दुखत राहणं: पुढची गोळी न देता थेट दवाखाना, गरज पडली तर १०८. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, जवळ बसा, एकटं सोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो. मान, डोळे मध्येच झटकायला लागला किंवा बोटं पांढरी-निळी पडत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा.

९. भेट आणि मेडिकल

डॉक्टरांसमोर "त्रास देतो हो" एवढंच सांगितलं तर ते तरी काय करणार. वही उघडा आणि वेळ सांगा: साडेआठला गोळी, पाच ते सहा रडतो, साडेदहाला झोपतो, वजन इतकं.

गोळ्या कुलपात ठेवा, लहान भावंडांसाठी तर आहेच पण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागता येतं म्हणून मागणारे चुलत-मावसभाऊ पण निघतात, एकही द्यायची नाही. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो, त्यामुळे साक्री, शहादा, चोपडा अशा ठिकाणी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही आणि जळगाव नाहीतर धुळं गाठावं लागतं. म्हणून पाकिटात दहा गोळ्या उरल्या की फोन करून स्टॉक विचारा, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणार असाल तर गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि वही एकाच पिशवीत घालून ती पिशवी स्वतःच्या हातात ठेवा, डिकीत नको, उन्हात तापते.