शहर वाढतं तेव्हा रस्ते कुठे तुटतात? या चुका टाळा

आमच्या खिडकीतून मुलांच्या शाळेचं पटांगण दिसतं. मधे एकच भिंत. पण फाटकातून बाहेर पडून, हमरस्त्याने वळसा घालून जायचं, म्हणून रोज रिक्षा. पुण्याच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांमध्ये हे घरोघरी आहे. आपल्या भागाचा आराखडा तपासताना पुढच्या चुका करू नका.

पहिली चूक हवाई अंतर धरण्याची. नकाशावर पट्टी ठेवून ‘बस थांबा जवळच आहे’ म्हणू नका. दाराबाहेर पडा, चालून पाहा. चालणं पट्टीच्या दुप्पट भरलं, तर रस्ते जोडलेले नाहीत.

सगळ्यांत महागात पडते ती रुंदीलाच जोडणी समजण्याची चूक. पुण्यातले प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता फार रुंद नाहीत. पण मधल्या गल्ल्या त्यांना ठिकठिकाणी जोडतात. एक तुंबली की दुसरी धरता येते. नव्या उपनगरात रुंद डीपी रस्ता (विकास आराखड्यातला रस्ता) एकच, आणि त्याला फुटलेल्या बंद गल्ल्या. मग सगळी वाहनं एकाच तोंडाशी. याचं मूळ शेतजमिनीत आहे. जो तो आपल्या गटापुरता, म्हणजे जमिनीच्या तुकड्यापुरता, लेआउट (भूखंड-रस्त्यांची आखणी) मंजूर करून घेतो आणि जिथे बांध होता तिथे भिंत उभी राहते. नगररचना योजनेत जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखतात, मग भूखंड परत देतात. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही वाट आपल्याकडे आहे. इमारती झाल्यावर ती जवळजवळ बंद होते, म्हणून पाठपुरावा लेआउटच्या टप्प्यावरच करा.

रस्ते किती जोडलेले आहेत, याची मोजणी सोपी आहे. चौक, तिठे आणि गल्ल्यांची बंद टोकं मोजा. मग त्यांच्यामधले रस्त्याचे तुकडे मोजा आणि तुकड्यांना पहिल्या आकड्याने भागा. चौकटीची मोठी आखणी २ कडे झुकते. फांद्यांसारखी फुटत गेलेली १ च्या खालीच राहते. फाटकाआडचे रस्ते यात धरलेत, तर आकडा उगाच फुगतो.

हद्द बदलल्याचं विसरू नका. पुणे महापालिकेत १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये गावं आली. क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. जुन्या हद्दीतली लोकसंख्येची घनता नव्या हद्दीशी ताडून पाहिली, तर शहर रातोरात विरळ झाल्यासारखं दिसतं. दोन्ही वर्षांना एकच हद्द लावा.

आणि भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा जरूर काढा. आमच्या त्या भिंतीच्या जागी त्यात पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, दाखवली आहे.