हिरव्या तळ्याला मरळीची राखण

ठाण्यातलं एखादं तळं शेवाळाने हिरवंगार झालं की लोक आधी कारंजं मागतात. मी चेंदणी कोळीवाड्यातला, माझी नजर आधी मासळीवर जाते. काठाशी पावाचा तुकडा टाकून बघा. बोटभर तिलापियांची झुंबड उडाली, तर दुखणं तिथेही आहे. आपल्या उबदार पाण्यात ही जवळपास वर्षभर विते, मादी अंडी तोंडात जपते, म्हणून पिल्लं भरपूर वाचतात. ती तळाचा गाळ उकरते, शेवाळावर जगणारे बारीक जीव खाते, आणि तिच्या विष्ठेचं खत शेवाळालाच मिळतं.

तिच्यावर उतारा मरळ. आपल्याच पाण्यातला शिकारी मासा. वर येऊन हवा घेतो, त्यामुळे प्राणवायू कमी असला तरी तगतो. पण तळ्यात गटार येत असेल तर आधी ते बंद करून घ्या. ते चालू असताना मरळ काही करू शकत नाही.

महापालिकेची आणि मासेमारीचा ठेका असेल त्याची परवानगी घ्या. मे महिन्यात पाणी उतरलं की मोठ्या तिलापिया जाळ्याने काढा. त्या मरळीच्या तोंडात मावत नाहीत. हे काम टाळलंत तर पुढचं सगळं फुकट. मग मरळीची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडा, सगळी एका मापाची, नाहीतर मोठी मरळ धाकटीला गिळते. थाई मांगूर हा परदेशी मासा कुणी स्वस्तात दिला तरी नको. त्यावर 2000 सालापासून बंदी आहे. सांडव्याला जाळी लावा, मरळ पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत निघून जाते.

पावसाळ्यात काठच्या गवतापाशी मरळीच्या लालसर पिल्लांचा दाट थवा वरखाली होताना दिसेल. खाली बाप पहाऱ्यावर असतो. तिथे गळ टाकू देऊ नका, हात जोडून सांगतो. मरळीला बाजारात चांगला भाव आहे, राखण नसेल तर ती टिकणार नाही.

थंड मुलखात मोठे पाणपिसू, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, शेवाळ खाऊन पाणी निवळतात. आपल्याकडे ते फारसे नसतात, म्हणून एकट्या मरळीवर भिस्त नको. पाण्याखाली हायड्रिलासारखी वनस्पती रुजू द्या, मुळं गाळ धरून ठेवतात. पाणी किती निवळलं ते बघायला 20 सेंटिमीटरची काळीपांढरी तबकडी गाठी मारलेल्या दोरीने दुपारी सोडा, कुठल्या गाठीला दिसेनाशी होते ते दर महिन्याला लिहून ठेवा. तिलापियाची जाळी मात्र दरवर्षी ओढावी लागेल.