पिकअपचे हेडलाइट: हरवलेला उजेड आधी परत मिळवा

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. रस्त्यात काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर ३३ मीटर तिथेच सरतात आणि रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असूनही गाडी उभी राहायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. नीट बसवलेल्या लो बीमची वरची कड, म्हणजे जिथे उजेड संपून वर अंधार सुरू होतो ती रेघ, जमिनीला टेकते ती ६० ते ९० मीटरवर. म्हणजे दिसण्याचे अंतर आणि थांबण्याचे अंतर यांत मुळातच फारसा फरक उरत नाही, आणि काच पिवळी पडलेली, वायरिंग थकलेले किंवा झोत नाकासमोर पडलेला असेल, तर दिसलेली वस्तू टाळता येईलच याची खात्री राहत नाही.

उजेड कमी वाटू लागला की बहुतेक लोक प्रथम जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब विकत आणतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गाडी नवी असताना जो उजेड मिळत होता त्यातला बराचसा काच, तारा आणि झोताची दिशा यांत हरवलेला असतो. तो परत मिळवायला खर्च थोडा आणि मेहनत एखाद्या दिवसाची लागते. त्यानंतरही उजेड अपुरा वाटला तरच नव्या दिव्यांचा विचार करावा.

काच

आजच्या हेडलाइटची ‘काच’ ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजला की खालचे प्लास्टिक पिवळट आणि धुरकट होते. दोष बाहेरून आहे की आतून, हे ओळखण्याची सोपी खूण अशी: दिवा स्वच्छ धुवावा आणि त्यावर पाणी ओतून पाहावे. ओला असेपर्यंत तो पारदर्शक दिसला आणि वाळताच पुन्हा धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे व घासून जाईल. ओला असतानाही तो मळकट दिसला किंवा आतल्या आरशाचा चंदेरी थर काळवंडलेला असला, तर घासण्यात अर्थ नाही, दिवाच बदलावा लागतो. तो आरसा फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा, कारण त्यावरचा धातूचा थर अतिशय पातळ असतो आणि पुसताच ओरखडतो.

घासण्यापूर्वी दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी दोन पदरी लावावी. मग १००० क्रमांकाचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद; क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक) पाण्यात भिजवून, काच सतत ओली ठेवत, आडव्या दिशेने घासावे. सुरुवातीला जे पाणी ओघळते ते पिवळसर दुधासारखे असते. हा जुना थर निघत असल्याचा पुरावा होय. ते पाणी शुभ्र होईपर्यंत पुढचा कागद हातात घेऊ नये. त्यानंतर १५०० क्रमांकाचा कागद उभ्या दिशेने, २००० चा पुन्हा आडव्या दिशेने आणि शेवटी ३००० चा, असे चालवावे. दिशा बदलल्यामुळे आधीच्या कागदाचे ओरखडे राहिले असल्यास लगेच नजरेस येतात. शेवटी पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणावी.

काच चकाकली की काम संपले असे वाटते आणि नेमकी इथेच चूक होते. संरक्षक थर आपणच घासून काढलेला असल्यामुळे उघडे प्लास्टिक काही महिन्यांतच पुन्हा पिवळे पडते. म्हणून काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हेडलाइटसाठीच बनवलेला अतिनील-रोधक क्लिअर कोट त्यावर द्यावा. सामान्य लॅकर वापरू नये, कारण त्यातल्या काही द्रावकांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. टूथपेस्टने काच घासण्याच्या उपायाची मर्यादाही हीच आहे: चार दिवस चमक येते, संरक्षण मात्र काहीच मिळत नाही. जुन्या पिकअपच्या दिव्यांना खरी काच असेल तर ती फक्त धुवावी, आणि वाळू-खड्यांनी खरवडून गेली असेल तर बदलावी.

बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. त्याचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर साधारण ३.४ व्या घाताने कमी-जास्त होतो. त्यामुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. एच४ बल्बचा (हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये असलेला प्रकार) उजेड हाय बीमला १६५० आणि लो बीमला १००० लुमेन (उजेड मोजण्याचे एकक) असा धरला जातो तो १३.२ व्होल्टवर. जुन्या गाडीत ते १३.२ व्होल्ट बल्बपर्यंत पोहोचतात का, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

इंजिन चालू ठेवून लो बीम लावावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. ते बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असते. मग बल्बचा कनेक्टर न काढता, मागच्या बाजूने मीटरच्या सुया आत सरकवून जळत्या बल्बवरचे व्होल्टेज मोजावे. कनेक्टर काढून मोजल्यास आकडा फसवा मिळतो, कारण प्रवाहच वाहत नसेल तर तारेत घट दिसत नाही. समजा बॅटरीवर १४.० आणि बल्बवर १२.४ व्होल्ट मिळाले. फरक दिसायला १.६ व्होल्टचाच आहे, पण त्यात जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेलेला आहे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर कारण शोधण्यासारखे असते.

शोध अर्थपासून, म्हणजे प्रवाह बल्बमधून गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडणीपासून, सुरू करावा. मीटरची एक सुई बल्बच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवल्यास त्या बाजूची घट वेगळी कळते. अनेकदा सगळा दोष बॉडीवर कसलेल्या एका बोल्टखालच्या गंजात असतो; तो बोल्ट काढून, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, पुन्हा घट्ट कसून वर थोडे ग्रीस लावले की निम्मा प्रश्न सुटतो. बल्बचा होल्डर तपकिरी पडला असेल किंवा त्याची पकड सैल झाली असेल, तर तो नवा घालावा.

अर्थ ठीक असूनही घट राहिली, तर दोष बहुधा धन बाजूच्या लांब आणि बारीक तारांचा असतो. पुष्कळ जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. दोन ५५ वॅट बल्बांना ८ ते ९ अँपिअर लागतात, आणि तेवढा प्रवाह वर्षानुवर्षे वाहून स्विचचे संपर्कबिंदू जळतात. यावर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, हा टिकाऊ उपाय आहे. बॅटरीच्या धन टोकापासून, टोकाजवळच बसवलेल्या फ्यूजमधून, २.५ ते ४ चौरस मिलिमीटर जाडीची तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणावी. ८७ वरून बल्बला तार न्यावी. बल्बची जुनी धन तार ८६ ला जोडावी आणि ८५ ला अर्थ द्यावा. लो आणि हाय बीमसाठी दोन स्वतंत्र रिले ठेवावेत, म्हणजे एक बिघडला तरी गाडी पूर्ण अंधारात सापडत नाही. दोन गोष्टी मात्र आधी पाहून घ्याव्यात. जपानी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे वरची जोडणी जशीच्या तशी चालत नाही; आणि ज्या नव्या गाड्यांत संगणक बल्बवर लक्ष ठेवतो, त्यांत वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय एकही तार तोडू नये.

झोताची उंची आणि हौद्यातला माल

पिकअपची खरी अडचण इथे आहे. कारचे वजन दिवसागणिक फारसे बदलत नाही. पिकअप सकाळी रिकामी असते, रात्री भरलेली असते, आणि मागचे पाटे दबले की नाक वर उचलले जाते. हिशेब साधा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ३ मीटर आहे आणि मालामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर जास्त बसली, तर झोत २ टक्क्यांनी वर जातो. १० मीटरवरच्या भिंतीवर ही चढ २० सेंटिमीटर भरते. रिकाम्या गाडीत झोताची कड दिव्याच्या मध्याखाली १० सेंटिमीटर असेल, तर माल भरल्यावर ती मध्याच्या १० सेंटिमीटर वर येते, म्हणजे सरळ समोरच्या चालकाच्या डोळ्यांत. लो बीमवर असूनही समोरचे लोक दिव्यांची उघडझाप करून खुणावत असतील, तर ते विनाकारण चिडलेले नसतात.

झोत तपासण्यासाठी सपाट जागा आणि समोर भिंत हवी. टायरमध्ये योग्य हवा भरून, टाकीत नेहमीइतके इंधन ठेवून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे आणि स्प्रिंग मोकळ्या होण्यासाठी गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी. दिव्यांपासून भिंत बरोबर १० मीटरवर असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर चिकटपट्टीची आडवी रेघ लावावी आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. लो बीमची सपाट कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी; नसेल तर दिव्याचा झोत वर-खाली करणारा स्क्रू फिरवून ती तिथे आणावी. १० मीटरला १० सेंटिमीटर म्हणजे १ टक्का उतार. बऱ्याच दिव्यांवर किंवा बोनेटखाली हा टक्का छापलेला असतो आणि छापलेला आकडाच प्रमाण मानावा. दिवे एक मीटरपेक्षा उंच असतील, विशेषतः गाडी उचलून घेतलेली असेल, तर दीड ते दोन टक्के उतार ठेवावा. जिथे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात तिथे झोताची कड डाव्या बाजूला वर चढते, उजवीकडून चालतात तिथे उजव्या. ती उलटी दिसली तर दिवा दुसऱ्या पद्धतीच्या देशासाठी बनवलेला आहे आणि स्क्रू फिरवून तो दोष जात नाही. एक दिवा तपासताना दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरावा. त्यावर फडके टाकून ठेवू नये, प्लास्टिक तापते.

डॅशबोर्डवर दिव्याचे चिन्ह आणि ० ते ३ किंवा त्याहून जास्त आकडे असलेली चकती असेल, तर ती याच कामासाठी आहे. भिंतीवरची तपासणी चकती ० वर ठेवून करावी. माल भरल्यावर आकडा वाढवला की झोत खाली येतो. पुष्कळ चालक तिला कधी हातच लावत नाहीत. चकती नसेल, तर गाडी ज्या वजनाने रात्री सर्वांत जास्त चालते त्या वजनाला धरून झोत बसवावा. गाडी उभी करण्याच्या जागी भिंतीवर रंगाची एक कायमची खूण करून ठेवल्यास माल भरल्यावर दोन मिनिटांत पडताळा घेता येतो.

बल्ब आणि जादा दिवे

एवढे करून बल्ब बदलायचे ठरले, तर ते जोडीने बदलावेत आणि त्यांच्या काचेला बोट लावू नये. चुकून लागलेच तर अल्कोहोलने पुसून घ्यावे, कारण बोटाच्या तेलकट डागाजवळ काच असमान तापते. त्याच वॅटमध्ये जास्त उजेड देणारे चांगले हॅलोजन बल्ब मिळतात. त्यांचे आयुष्य कमी असते, हा सौदा मान्य असावा. निळसर काचेचे बल्ब घेऊ नयेत. निळी छटा म्हणजे गाळणी, आणि गाळणी उजेड वाढवत नाही. १०० वॅटच्या बल्बने होल्डर वितळतात आणि बऱ्याच ठिकाणी ते बेकायदाही असतात.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवणे हा वादाचा विषय असला, तरी भिंत त्याचा निकाल लावते. आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, आणि एच४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, तिच्यामुळे वरची कड तयार होते. एलईडीच्या चिप त्याच जागी, त्याच आकारात नसतील, तर कड पुसली जाते. उजेड गाडीच्या पुढ्यात आणि झाडांच्या शेंड्यांवर सांडतो, लांब मात्र पोहोचत नाही. शिवाय अनेक देशांत असे बल्ब मान्यतेविना रस्त्यावर चालत नाहीत. एलईडीच हवा असेल, तर मुळात एलईडीसाठी घडवलेला, मान्यतेचे चिन्ह असलेला अख्खा दिवा घ्यावा.

पुढ्यातला झगमगाट ही फसवी गोष्ट आहे. पहिले १५-२० मीटर लखलखीत असले की चालकाला छान दिसते असे वाटते, पण बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. म्हणून स्वच्छ हवेत फॉग लॅम्प बंदच ठेवावेत. पिवळा उजेड धुके भेदतो हीसुद्धा समजूतच: धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिव्याच्या कमी उंचीचा आणि सपाट झोताचा.

लांब पल्ल्याचे जादा दिवे बंपरच्या उंचीवर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले देऊन लावावेत. रिलेला इशारा हाय बीमच्या तारेतून घ्यावा, म्हणजे लो बीमवर आले की तेही विझतात. टपावरच्या लाइट बारचा उजेड बोनेटवर पडून स्वतःच्याच डोळ्यांत येतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर तो झाकलेलाच बरा. समोरची काच आतूनही पुसावी. प्लास्टिकच्या वाफेचा जो पातळ पापुद्रा तिथे साचतो, तो दिवसा दिसत नाही.

प्रत्येक बदलाचा परिणाम मोजून पाहावा. रहदारी नसलेल्या खाजगी जागेत गडद रंगाचा खोका ठेवून, लो बीमवर हळूहळू पुढे जात तो प्रथम दिसतो ते अंतर टेपने मोजावे आणि लिहून ठेवावे. ते ६० मीटर भरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर हीच कमाल मर्यादा ठरते. रस्ता ओला असेल किंवा हौदा भरलेला असेल तेव्हा त्याहूनही कमी.